दूध संस्थेचा डेटाबेस: ईआर आकृती तपासून हवी आहे

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या दूध संस्थेचं संगणकाचं काम मी हातात घेतलंय. नोकरी पुण्यात, पण शनिवार-रविवार गावी असतो, त्यात बसतं. २३० कोड (सभासदांचे खाते नंबर) आहेत, गाय-म्हैस दोन्ही, सकाळ-संध्याकाळ संकलन, आणि दर दहा दिवसांनी बिल: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर.

काम का घेतलं ते आधी सांगतो. संस्थेत पूर्वीपासून एक प्रोग्राम आहे. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू म्हशीसाठी कर्ज काढायला निघाल्या. बँकेनं मागच्या सहा महिन्यांची दूधबिलं मागितली. काकूंच्या दोन पावत्या सापडेनात, म्हणून सचिवांनी सगळीच बिलं नव्यानं छापून दिली. बँकेत टेबलावर जुन्या पावत्या आणि नवी छापील बिलं शेजारी शेजारी आली. फेब्रुवारीच्या पहिल्या दहा दिवसांचं बिल: दूध १६० लिटर, जुन्या पावतीवर ५,३६० रुपये, नव्या कागदावर ५,६००. लिटर तेवढेच, तारखा त्याच. साहेबांनी विचारलं, यातलं खरं कुठलं? काकू तशाच परत आल्या, पिशवीतून दोन्ही कागद काढून माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाल्या, "मी काय खोटं केलं का रे?"

कारण पाच मिनिटांत सापडलं. दराचं टेबल एकच. मार्चमध्ये दर लिटरमागं दीड रुपयानं वाढला, सचिवांनी तो आकडा बदलला आणि मागची सगळी बिलं त्याबरोबर बदलली. बिलाची रक्कम कुठं लिहून ठेवलेलीच नव्हती. दर वेळी लिटर गुणिले आजचा दर, एवढाच हिशेब.

त्या दिवशी ठरवलं की हे नव्यानं करायचं, आणि टेबलं करायच्या आधी कागदावर ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) आकृती काढायची, म्हणजे कशाकशाची नोंद ठेवायची आणि त्यांची एकमेकांशी नाती काय याचं चित्र. आत्तापर्यंत माझे चौकोन असे: सभासद, संकलन, दरपत्रक, बिल, उचल. सभासद दूध घालतो, दुधाला दर लागतो, दहा दिवसांचं मिळून बिल होतं, बिलातून उचल आणि पशुखाद्याचे पैसे कापले जातात.

अडलोय ते इथं. संकलन ही एंटिटी (जिची नोंद ठेवायची ती स्वतंत्र गोष्ट, आकृतीतला चौकोन) म्हणू की सभासद आणि संस्था यांच्यातलं नातं? त्याची 'की', म्हणजे एक नोंद दुसरीपासून वेगळी ओळखायची खूण, काय धरू? आणि दर नेमका कुठं ठेवू, म्हणजे काकूंसारखं परत कुणाचं होणार नाही? जाणकारांनी सांगावं.

---

रानजाई

धागा आवडला. गेली बारा वर्षं मी हा विषय शिकवते. पुस्तकात कायम 'विद्यार्थी आणि विषय' नाहीतर 'कर्मचारी आणि विभाग' असतं. त्यात मुलांना प्रश्नच पडत नाहीत, कारण उत्तरं आधीच माहीत असतात. तुमच्या उदाहरणात प्रश्न पडताहेत, म्हणजे आकृती तिचं काम करतेय.

संकलनाच्या प्रश्नासाठी थोडं मागं जाते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती टेबलात कशी ठेवावी हे त्यातून कळलं, पण समोरच्या व्यवहारातून टेबलं कशी शोधायची हा प्रश्न राहिलाच होता. पीटर चेन तेव्हा एमआयटीत शिकवत होते. त्यांनी मार्च १९७६ मध्ये एंटिटी-रिलेशनशिप मॉडेलचा लेख प्रसिद्ध केला. वस्तूला चौकोन, नात्याला शंकरपाळ्याचा आकार, गुणधर्माला लंबगोल. एवढ्या तीन आकारांत दुकानदार, कारकून आणि प्रोग्रामर एकाच कागदावर बोट ठेवून बोलू शकतात. माझ्या मते त्यांचं मोठं काम हेच.

पुढं १९८३ च्या एका लेखात त्यांनी इंग्रजी वाक्यावरून आकृती कशी निघते ते दाखवलं. नाम असेल तर बहुधा एंटिटी, सकर्मक क्रियापद असेल तर नातं, नामाचं विशेषण म्हणजे एंटिटीचा गुणधर्म, क्रियाविशेषण म्हणजे नात्याचा गुणधर्म. आणि क्रियापदाचं नाम झालं की नात्याची एंटिटी होते. ही शेवटची गोष्ट तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि मराठीत ती फार स्वच्छ दिसते. "काकूंनी डेअरीला दूध घातलं" या वाक्यात 'घालणं' हे नातं आहे. पण संस्थेत कुणी म्हणतं का, "आजचं घालणं किती झालं?" म्हणतात, "आजचं संकलन किती?" व्यवहारानंच क्रियापदाचं नाम केलंय.

वर्गात मी एक खूण सांगते: ज्या क्रियेची पावती फाटते, ती चौकोनात. पावती फाटली म्हणजे त्या क्रियेला नंबर आला, तारीख आली, तिच्यावर नंतर तक्रार होऊ शकते, तिला दुसरं काहीतरी जोडलं जाऊ शकतं. संकलनाला बिल जोडलं जातं. तेव्हा चौकोन काढा.

कीसाठी: संकलनाला स्वतःची ओळख नाही. "सकाळचं साडेआठ लिटर" एवढ्यावरून कुठलं ते कळत नाही. कुणाचं, कुठल्या तारखेचं, कुठल्या वेळेचं, गाईचं की म्हशीचं हे सांगावं लागतं. दुसऱ्या एंटिटीच्या आधारानं ओळखली जाते तिला वीक एंटिटी म्हणतात, आकृतीत दुहेरी चौकोन. सभासद, तारीख, वेळ, प्रकार या चार गोष्टी मिळून की होईल, असं आत्ता तरी दिसतंय. पण ती तुम्ही-मी ठरवायची नाही. सचिवांना पूर्ण वाक्यात विचारा: "एकाच सभासदाचं गाईचं दूध एकाच सकाळी दोनदा येऊ शकतं का?" ते "नाही" म्हणाले तर एक रविवार स्वतः काट्याशी उभे राहा.

---

तिकटी

सरळ अनुक्रमांक देऊन टाका संकलनाला. एक, दोन, तीन. चार कॉलमांची की पुढं प्रत्येक जॉइनमध्ये (टेबलं एकमेकांना जोडताना) वागवत बसावी लागते. २३० कोड, दोन वेळा, ३६५ दिवस: वर्षाला पावणेदोन लाखांच्या आतच ओळी, अनुक्रमांकाला काही जड नाही.

---

रानजाई

@तिकटी, अनुक्रमांक जरूर द्यावा, टेबलात मीही देते. पण त्यानं ओळख ठरत नाही. नुसता अनुक्रमांक ठेवला आणि कारकुनाचं एंटरचं बटण दोनदा दाबलं गेलं, तर एकच दूध ४५१ आणि ४५२ अशा दोन नंबरांनी बसेल आणि डेटाबेस निमूट स्वीकारेल. म्हणून अनुक्रमांक प्रायमरी की (टेबलातली मुख्य की), आणि त्याच्या जोडीला त्या चार कॉलमांवर युनिकचं बंधन, म्हणजे तीच चौकडी दुसऱ्यांदा स्वीकारायची नाही. आकृतीत खरी ओळख शोधायची असते. टेबलात सोयीचा नंबर लावणं ही त्याच्या पुढची पायरी.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

रानजाईताई, तुमचं ऐकलं, बरं झालं.

सचिवांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "छे, एका वेळेला एकाचं एकदाच." तरी रविवारी पहाटे साडेपाचला जाऊन थांबलो. काय दिसलं ते लिहितो.

माणूस येतो, कोड सांगतो. नाव कुणीच विचारत नाही. किटली काट्यावर ओतली जाते, टेस्टर थोडं दूध सँपलला काढतो, मशीनवर फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टक्के येतात, ३.८ आणि ८.६, आणि पावती निघते. पाऊण मिनिटाचं काम. सहा वाजायच्या सुमाराला कोड ११२ चे दादा आले, दोन किटल्या घेऊन. दोन्हीत गाईचंच दूध. एक घरच्या गोठ्यातलं, एक मळ्यातल्या वस्तीवरचं. वस्तीवरची गाय नुकती व्यालेली, तिची फॅट वेगळी लागते, म्हणून ते दोन्ही वेगळं मोजायला लावतात. दोन पावत्या. सचिव शेजारीच उभे होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हां, यांचं तसं असतं." म्हणजे चार कॉलमांची की तिथंच मोडली. आता पाचवा कॉलम धरलाय, किटली क्रमांक. बहुतेकांचा तो १ च राहील.

नंतर एक मुलगा आला, शाळेचा गणवेश घालून. त्यानं दोन कोड सांगितले, एक आजीचा, एक वडिलांचा. दूध एकाच गोठ्यातलं, पण आजीच्या नावावर शेअर आहे म्हणून तिच्या कोडावर रोज पाच लिटर घालायचं असं घरात ठरलंय. म्हणजे सभासद वेगळा, आणणारा वेगळा, आणि गोठा दोघांचा मिळून एक.

आणि शेवटी एकाचं दूध परत गेलं. नासलं होतं. पावती फाटली नाही, पण सचिवांनी एका वेगळ्या वहीत कोड आणि तारीख लिहिली. ही वही माझ्या आकृतीत नव्हतीच. विचारलं तर म्हणाले, तीनदा झालं तर घरी जाऊन सांगावं लागतं, भांडी नीट धुवा म्हणून. आता 'परत केलेलं दूध' असा चौकोन काढलाय.

एक मोठी अडचण मात्र उभी राहिलीय. कोड ४७ हे आमच्या शेजारच्या आजोबांचं होतं. ते दोन वर्षांपूर्वी वारले. कोड ४७ आता त्यांच्या मुलाचा. जुन्या प्रोग्राममध्ये सचिवांनी नाव बदललं, त्यामुळे आजोबांनी वीस वर्षं घातलेलं दूध आता मुलाच्या नावावर दिसतं. कोड हीच सभासदाची की धरली तर हे होणारच. काय करावं?

---

शिवार

या धाग्यावर लिहायचं नव्हतं, संगणकातलं मला फार कळत नाही. पण कोड ४७ वाचून राहवलं नाही. माझे वडील तलाठी होते. तुमचा प्रश्न महसूल खात्यानं कधीचा सोडवून ठेवलाय.

सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र: गाव नमुना ७ मध्ये हक्क, गाव नमुना १२ मध्ये पिकं. गट नंबर जमिनीचा. माणूस मेला, जमीन विकली, वाटणी झाली तरी गट नंबर माणसाबरोबर जात नाही, जमिनीबरोबर राहतो. माणसाच्या बाजूनं पाहायचं तर ८अ. एका खात्यावर कुठकुठले गट आहेत ते तिथं दिसतं. एका गटात पाच खातेदार असू शकतात, एका खातेदाराचे पाच गट असू शकतात, आणि कुणाचं किती क्षेत्र हे ना गटाचं असतं ना माणसाचं, ते दोघांच्या मधलं असतं.

पण खरी गोष्ट गाव नमुना ६ मध्ये आहे, फेरफार. नाव बदलायचं असेल तर तलाठी सातबाऱ्यावरचं जुनं नाव पुसत नाही. आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते: काय घडलं, वारस की खरेदी, कोण कोण. तिला नंबर पडतो. ती मंजूर झाली की जुन्या नावाला कंस होतो आणि नवीन नाव खाली येतं, शेजारी फेरफाराचा नंबर. कंसातलं नाव वाचता येतं. लहानपणी वडिलांच्या टेबलाशी बसून मी कंसातली नावं वाचायचे, एका गटात चार पिढ्या दिसायच्या.

तुमचा कोड म्हणजे गट नंबर समजा. आजोबांच्या नावाला कंस करा, पुसू नका.

---

आकडेमोड

@शिवार, हा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा असा आहे. मी जर्मनीत विमा कंपनीच्या हिशेबाच्या प्रणालीवर काम करतो. आमच्याकडे हीच गोष्ट 'पासून-पर्यंत'च्या तारखांनी करतात.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

शिवारताई, मनापासून आभार. काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचून आकृती बदलली.

आता 'सभासद' हा एक चौकोन फोडून दोन केलेत: 'खाते' आणि 'व्यक्ती'. खात्याची ओळख कोड. मध्ये 'खातेधारणा' हे नातं, त्याचे गुणधर्म म्हणजे कधीपासून, कधीपर्यंत, आणि बदलाचं कारण: वारस, हस्तांतर, नवीन. संकलन खात्याला जोडलंय, व्यक्तीला नाही. एखाद्या तारखेचं दूध कुणाचं हे हवं असेल तर त्या तारखेला खातं कुणाकडे होतं ते बघायचं. कोड ४७ वर आजोबांची वीस वर्षं आजोबांचीच राहतात.

सचिवांना कागद दाखवला. त्यांनी 'खातेधारणा'वर बोट ठेवून विचारलं, "एका वेळेला एका कोडावर दोन नावं असली तर?" एका घरात दोन भाऊ, खातं सामाईक, असं एक आहे म्हणे गावात. प्रोग्राम चालू करून सहा महिन्यांनी हे कळलं असतं तर केवढं निस्तरावं लागलं असतं. कागदावर रेघ बदलायला एक मिनिट लागलं.

आता दराकडे वळू. आमचं गाईचं दरपत्रक म्हणजे एक तक्ता. उभ्यानं फॅट ३.० ते ५.०, आडव्यानं एसएनएफ ८.० ते ९.०, प्रत्येक ०.१ ला एक घर. एकवीस गुणिले अकरा, २३१ घरं. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा मूळ दर, तिथून वर-खाली. म्हशीचा तक्ता वेगळा, त्याचा मूळ दर ६.० आणि ९.० ला. दर बदलला की दूध संघाकडून अख्खा नवीन तक्ता येतो.

मी असं केलंय: 'दरपत्रक' हा चौकोन, गुणधर्म लागू तारीख आणि दुधाचा प्रकार. 'दरओळ' ही त्याची वीक एंटिटी, ओळख फॅट आणि एसएनएफ. जुनं दरपत्रक कधीच बदलायचं नाही, नवीन आलं की नवीन ओळी. संकलनाच्या तारखेवरून दरपत्रक, फॅट-एसएनएफवरून ओळ, ओळीवरून दर. मग संकलनात दर वेगळा लिहायची गरज उरत नाही, बरोबर ना?

---

रानजाई

बरोबर. दर कुठं लिहिलाय याचं एकच ठिकाण राहतं. तोच दर संकलनातही लिहिला तर दोन ठिकाणी दोन आकडे होऊ शकतात, आणि नॉर्मलायझेशन नेमकं तेच टाळायला सांगतं. रक्कम हा तर सरळ काढता येणारा गुणधर्म आहे, आकृतीत तुटक रेघेचा लंबगोल.

---

आकडेमोड

रानजाईताई, इथं मी तुमच्याशी सहमत नाही.

दरपत्रकातला दर आणि पावतीवरचा दर हे दिसायला सारखे असले तरी एकच गोष्ट नाहीत. पहिला सांगतो: "या तारखेपासून या फॅटला हा दर आहे." दुसरा सांगतो: "त्या सकाळी काकूंना संस्थेनं हा दर दिला." पहिला नियम, दुसरी घडलेली घटना. तक्ता भरताना चूक झाली, ३३.५० च्या जागी ३५.३० पडलं, दोन दिवस तसंच दूध घेतलं, मग तक्ता दुरुस्त केला. आता त्या दोन दिवसांच्या पावत्यांवर काय छापलं होतं? शेतकऱ्याच्या हातात जो कागद गेला त्यावरचा आकडा संस्थेकडं कुठंही नाही. काकूंच्या बाबतीत हेच झालं.

दोन आकडे वेगळे असू शकतात, आणि ते वेगळे असू शकतात म्हणूनच दोन्ही ठेवायचे. नॉर्मलायझेशन एकच तथ्य दोनदा लिहू नका म्हणतं. ही दोन तथ्यं आहेत.

एसएनएफचंही तसंच. जिथं मशीन नाही, तिथं लॅक्टोमीटरची डिग्री आणि फॅट यांवरून सूत्रानं एसएनएफ काढतात, आणि त्या सूत्रातले स्थिरांक सगळीकडे सारखे नसतात. कुणी म्हणेल एसएनएफ काढता येतो, कशाला ठेवायचा. पण उद्या सूत्र बदललं तर? जे मोजलं तेही ठेवा आणि ज्यावर पैसे दिले तेही ठेवा.

---

रानजाई

विचार केला. तुमचं पटलं. 'नियम' आणि 'घटना' हा फरक मी वर्गात यापुढं याच उदाहरणानं सांगेन.

एकच भर घालते. संकलनात दर लिहिलात तरी दरओळीकडे जाणारी फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) काढू नका. पावतीवरचा दर आणि तक्त्यातला दर वेगळा आला तर तो कुठल्या तक्त्यावरून आला होता हे शोधता आलं पाहिजे.

---

नवी_पाटी

वाचनखूण साठवली. मी दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला शंकरपाळ्यांच्या आकृत्या शिकवल्या, पण इंटर्नशिपला गेले तिथं शंकरपाळी कुणी काढतच नव्हतं, रेघेच्या टोकाला तीन फाटे होते. दोन्ही शिकायचं का?

---

रानजाई

हो, दोन्ही. तीन फाट्यांची खूण म्हणजे कावळ्याचा पाय, ती गॉर्डन एव्हरेस्ट यांच्या १९७६ च्या लेखातून आली. फाटे जिकडे, तिकडे 'अनेक'. त्या टोकाला छोटा गोल असेल तर 'नसलं तरी चालेल', आडवी रेघ असेल तर 'किमान एक हवंच'. ही पद्धत टेबलांच्या जवळची आहे, म्हणून कंपन्यांत तीच दिसते. पण तिच्यात नात्याला स्वतःचा आकार नाही, नुसती रेघ. त्यामुळे 'खातेधारणा'सारखं नातं, ज्याला स्वतःचे गुणधर्म आहेत, ते पहिल्याच दिवशी टेबल म्हणून काढावं लागतं. सचिवांशी बोलताना शंकरपाळी, प्रोग्रामरशी बोलताना कावळ्याचा पाय, असं माझं मत.

---

तिकटी

आकृती पक्की झाल्यावरही एका ठिकाणी मार बसतो, तो सांगून ठेवतो. खात्याला संकलनं अनेक, त्याच खात्याला उचली पण अनेक. दहा दिवसांत २० संकलनं आणि ३ उचली समजा. बिलासाठी तिन्ही टेबलं एकाच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) जोडली की २० गुणिले ३, साठ ओळी येतात. प्रत्येक संकलन तीनदा मोजलं जातं. ५,३६० चं बिल १६,०८० दिसतं, आणि १,५०० ची उचल वीसपट होऊन ३०,०००. काकूंना मग संस्थेचंच देणं निघेल.

एका चौकोनातून दोन 'अनेक' बाहेर पडताना दिसले की तिथं लाल पेनानं खूण करा. दोन्हींची बेरीज वेगवेगळी करायची आणि मग जोडायची.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

तिकटी, लाल खूण केली. कपातीचं नातं मी 'बिल' आणि 'उचल' यांच्यामध्ये अनेक-अनेक असं धरलंय. एक उचल चार बिलांतून फिटते, एका बिलातून पशुखाद्य आणि उचल दोन्ही कापलं जातं. कापलेली रक्कम त्या नात्याचा गुणधर्म.

एक राहिलं होतं: दिवाळीचा दूधफरक. वर्षभराच्या दुधावर लिटरमागं जादा रक्कम मिळते. माझा पहिला विचार होता की वर्षभराच्या संकलनांच्या दरात तेवढी भर टाकू. आकडेमोड यांचा प्रतिसाद वाचला नसता तर तेच केलं असतं आणि काकूंची पावती पुन्हा खोटी ठरली असती. आता 'दूधफरक' हा वेगळा चौकोन, ओळख वर्ष आणि दुधाचा प्रकार. त्याची वीक एंटिटी 'फरकवाटप', खातेवार. समजा रोज १६ लिटर घालणारं घर, वर्षाचे ५,८४० लिटर, लिटरमागं सव्वा रुपया फरक, ७,३०० रुपये. ही रक्कम एका ओळीत बसते, आणि संकलनाच्या एकाही ओळीला हात लागत नाही.

---

शिवार

फरक द्यायच्या वेळी खातं आजोबांचं असेल आणि वर्षाच्या मध्ये ते वारले असतील तर? वर्षातलं अर्धं दूध त्यांचं, अर्धं मुलाचं. वारसांत तीन बहिणी असतील तर त्या आजोबांच्या अर्ध्यावर हक्क सांगतील.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

शिवारताई, हे मी संस्थेत विचारलं. ठराव असा आहे की फरक देण्याच्या दिवशी खातं ज्याच्याकडे असेल त्याला. पण तुमचा प्रश्न वाचून सचिव बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "निदान कुणाचं किती होतं ते कागदावर तरी येऊ दे. घरात मिटवायला उपयोगी पडेल." खातेधारणेत तारखा असल्यामुळे ते निघतं. फरकाच्या पावतीच्या खाली आता दोन ओळी येतील, कुणाच्या नावावर असताना किती लिटर.

या महिन्यात ११ ते २० चं बिल जुनं हातचं रजिस्टर आणि नवीन प्रोग्राम असं दोन्हीकडे काढलं. २३० पैकी २२७ जुळली.

एक साधी टायपिंगची चूक होती. दुसरं कोड ११२, दादांची वस्तीवरची दुसरी किटली रजिस्टरमध्येच दोन दिवस लिहायची राहिली होती, पावत्या त्यांच्याकडं होत्या. संस्थेनं पैसे दिले.

तिसऱ्याला मात्र माझी आकृती चुकलेली निघाली. म्हशीचा नवीन तक्ता १६ तारखेला आला. मी लागू तारीख १६ लिहिली. पण पत्रावर होतं, "१६ तारखेच्या संध्याकाळच्या संकलनापासून." त्या सकाळी म्हशीचं दूध घालणाऱ्या सगळ्यांनाच प्रोग्रामनं चुकून नवीन दर लावला. पण बाकीच्यांची फॅट-एसएनएफची घरं दोन्ही तक्त्यांत सारख्या दराची होती, म्हणून फरक एकाच खात्यावर उमटला, अठरा रुपयांचा. दरपत्रकाच्या ओळखीत आता तीन गोष्टी आहेत: प्रकार, तारीख आणि वेळ.

---

आकडेमोड

तारीख आणि वेळ हे जोडीनं आता तुमच्याकडे तीन ठिकाणी येतंय: संकलन, दरपत्रक, परत केलेलं दूध. 'पाळी' असा वेगळा चौकोन काढून बघा. तारीख आणि सकाळ-संध्याकाळ ही त्याची ओळख. टेस्टर कोण होता, टँकर किती वाजता गेला हे सगळं पाळीचंच असतं. आणि संध्याकाळी संघानं टँकरचं वजन कळवलं की पाळीच्या बेरजेशी ताडून बघता येईल.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

टँकरचं वजन सचिव भिंतीवरच्या पाटीवर खडूनं लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पुसतात. शनिवारी जातोय, तेव्हा पाटीचा फोटो घेतो आणि 'पाळी'सह नवीन आकृती इथं टाकतो.